सोळा तास म्हणजे किती?

(पुण्यातील सामुदायिक रेडिओवर, महिलांच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)

कुणी चुलीपुढे असाल, कुणी गोठ्यात, कुणी बांधावर बसून फोनवर ऐकत असाल. हातातलं काम थांबवू नका, ऐकता ऐकता होऊ द्या. शेवटी मात्र एक कागद आणि पेन लागणार आहे, तेवढं जवळ ठेवा.

माझं गाव पुरंदर तालुक्यात, सासवडपासून आत. आता मी हडपसरला मुलाकडे असते, पण गावचा बचत गट सोडलेला नाही. महिन्याच्या बैठकीला जातेच. आज मी विमानाबद्दल बोलणार आहे. पुरंदरात नवा विमानतळ होणार म्हणून आमच्याकडे बरीच वर्षं चर्चा आहे, आंदोलनं आहेत. जमिनीचा तो प्रश्न मोठा आहे आणि वेगळा आहे. माझा आजचा प्रश्न साधा आहे. लांब गेलेलं आपलं माणूस, बोलावल्यावर आपल्या दारात किती वेळानं पोचतं?

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? बैठकीत एकदा विचारून बघा. आमच्या गटात आम्ही १२ जणी. एकीचा मुलगा मस्कतला गाडी चालवतो. एकीचा सैन्यात आहे, अरुणाचल प्रदेशात. एकीची लेक दुबईला दिली आहे. माझी लेक अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या जवळ. बारातल्या चौघींचं काळीज असं लांब अडकलेलं आहे.

आता माझ्या घरात घडलेलं सांगते. सांगायला सोपं नाही, पण त्यातूनच मी शिकले.

आषाढी होऊन आठवडा झाला होता. मंगळवारी सकाळी सहा वाजता आमचे हे गेले. घरात, झोपेतच. मुलगा जवळ होता. त्यानं बहिणीला फोन लावला. तिकडे सोमवारची संध्याकाळ, साडेपाच वाजले होते. ती म्हणाली, "निघते मी. मी येईपर्यंत थांबा."

अंगणात माणसं जमली होती. पहिला प्रश्न हाच, लेक किती वेळात येईल? धाकट्या दिरांचा मुलगा शिकलेला आहे, त्यानं फोनवर पाहिलं. पुणे ते सॅन फ्रान्सिस्को, साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा तास. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्यांनी हिशेब केला. सकाळी सहा अधिक सोळा, रात्री दहा. मागेपुढे धरून उद्या सकाळी आठला उचलू, असं ठरलं. तालुक्याहून बर्फाची पेटी मागवली. पाऊस धो धो चालला होता.

बुधवारी पहाटे पाचला तिचा फोन आला. "आई, सिंगापूरला पोचले." कुणीतरी म्हणालं, "सिंगापूर म्हणजे आलीच की." आठ वाजले, नऊ वाजले. मग तिचा फोन लागेना. दहा वाजले, अकरा वाजले. पाहुणे परगावचे, काहींची लहान लेकरं. म्हातारी माणसं काल सकाळपासून उपाशी. बाराला धाकटे दीर माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीच सांगा." मी पेटीकडे पाहिलं आणि म्हटलं, "करा."

एक वाजता अग्नी दिला. त्या वेळी माझी लेक बंगालचा उपसागर ओलांडून येत होती. अडीचला मुंबईत उतरली, फोन चालू केला, तेव्हा तिला कळलं. घरी पोचली रात्री नऊ वाजता. मंगळवारी सकाळी सहापासून मोजा. ३९ तास झाले.

सोळा तास कुठे आणि एकोणचाळीस कुठे? मला वाटलं, पोरानं चुकीचं वाचलं. तसं नव्हतं. त्यानं वाचलं ते अगदी बरोबर होतं. फक्त तो आमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं वाचत. आम्ही विचारत होतो, लेक दारात केव्हा येईल. फोन सांगत होता, एखादं विमान कुठेही न थांबता सरळ उडालं तर हवेत किती वेळ राहील.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. आळंदीहून पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या वेगानं जातं, म्हणजे वारीची सगळी वाट ते सतरा मिनिटांत उडून जाईल. पण माउलींची पालखी किती दिवसांत पोचते असं कुणी विचारलं, तर आपण नुसते चालण्याचे तास सांगतो का? मुक्काम धरूनच सांगतो. सासवडचा मुक्काम, जेजुरीचा मुक्काम, मधली रिंगणं. पुण्याहून सासवडला येताना दिवेघाट लागतो, तो दिवस किती लांब होतो हे चाललेल्या बाईला विचारा. विमानाच्या प्रवासालाही असेच मुक्काम आहेत आणि असेच घाट आहेत.

माझ्या लेकीचे ३९ तास कुठे गेले ते सांगते. फोन ठेवल्यापासून विमान सुटेपर्यंत सहा तास. त्यात तिकीट शोधणं, कामावर कळवणं, बॅग भरणं, विमानतळ गाठणं, तपासणीच्या रांगा. त्या दिवशी मुंबईचं थेट विमान नव्हतं. अशी थेट विमानं रोज असतातच असं नाही. म्हणून सिंगापूरमार्गे तिकीट घेतलं. सॅन फ्रान्सिस्को ते सिंगापूर सतरा तास. सिंगापूरला पुढच्या विमानाची वाट पाहत चार तास. सिंगापूर ते मुंबई साडेपाच तास. मुंबईत शिक्का, सामान, गाडी शोधणं, दीड तास. मुंबई ते गाव, पावसात, घाटातल्या गर्दीत, पाच तास. बेरीज करा. हवेतले तास साडेबावीस, आणि जमिनीवरचे साडेसोळा.

अंतराचंही तसंच. सरळ रेषेत साडेतेरा हजार किलोमीटर. पृथ्वीला पूर्ण वेढा घालायचा तर चाळीस हजार किलोमीटर होतात, म्हणजे हा वेढ्याचा तिसरा हिस्सा झाला. पण सिंगापूरवरून आल्यामुळे तिचा प्रवास सतरा हजारांच्या पुढे गेला. रस्ता वाकडा पडला की अंतर वाढणारच.

ही सरळ रेषा काय असते, तेही सांगते, कारण मला ते नातवाच्या चेंडूवर कळलं. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका पश्चिमेला, मुंबईच्या समुद्रापलीकडे दिसते. पण पृथ्वी गोल आहे. चेंडूवर पुण्याच्या जागी आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या जागी टिकल्या लावा आणि दोरा ताणून धरा. दोरा पश्चिमेला जातच नाही. तो पुण्याहून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो. हिमालय, चीन, रशियाचा सैबेरिया, उत्तर ध्रुवाकडचा बर्फाळ समुद्र, मग अलास्का, आणि तिथून खाली उतरतो. हाच सगळ्यात जवळचा रस्ता. फोन हाच दोरा मोजतो, त्याला विमानाच्या वेगानं भागतो आणि तास सांगतो.

पण विमानाला दोऱ्यावरून जाता येत नाही. हिमालयापलीकडचं पठारच साडेचार हजार मीटर उंच. विमानातली हवा कमी झाली तर वैमानिकाला विमान पटकन तीन हजार मीटरपर्यंत खाली आणावं लागतं. खाली जमीनच त्याहून उंच असेल तर आणायचं कुठे? म्हणून तो भाग सहसा टाळतात. वाटेत गरज पडली तर उतरायला विमानतळ जवळ असावा लागतो, तेही पाहावं लागतं.

इथे मला चौघींची आठवण काढायची आहे. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला उत्तर ध्रुवावरून आलं. चालवणाऱ्या चौघीही बायका होत्या. कॅप्टन झोया अगरवाल, कॅप्टन तन्मई पापागारी, कॅप्टन आकांक्षा सोनावरे आणि कॅप्टन शिवानी मनहास. या दोन शहरांतलं सरळ अंतर १४ हजार किलोमीटर, पण त्यांचा उडण्याचा रस्ता सुमारे १६ हजार किलोमीटरचा होता. सतरा तासांचा प्रवास. ९ जानेवारीला, शनिवारी रात्री निघाल्या आणि सोमवारी पहाटे उतरल्या. एवढ्या मोठ्या विमानालाही दोन हजार किलोमीटर जास्त जावं लागतं, हे लक्षात घ्या.

आता तुम्हाला वाटेल, अंतर जास्त म्हणजे वेळ जास्त. तेही दर वेळी खरं नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियानं दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जायचा रस्ता बदलला. आधी युरोप आणि अटलांटिक महासागरावरून जायचे, ते पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून जाऊ लागले. नवा रस्ता १५,३०० किलोमीटरचा, जुन्यापेक्षा १,४०० किलोमीटरनं लांब. पण विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा दोन तास लवकर. कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर, कधी त्याहून जास्त. पाठीवर वारा घेतला की विमान पळतं, तोंडावर घेतला की रेंगाळतं. सायकलवर डोक्याला चाऱ्याचा भारा बांधून आलेलीला हे वेगळं सांगायला नको. मुंबईहून लंडनला जाताना साडेनऊ-दहा तास लागतात, येताना नऊच्या आसपास. रस्ता तोच आणि विमानही तेच.

आणि आभाळातही रस्ते बंद होतात. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं तेव्हापासून युरोप-अमेरिकेच्या बऱ्याच कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आभाळ बंद केलं. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना मग वाटेत व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी थांबावं लागलं. भांडण कुठलं आणि खोळंबा कुणाचा! म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणाला किती तास लागले, ते आज लागतीलच असं धरू नका.

आता पुण्याचं. पुष्कळ जणींना वाटतं, पुण्याला विमानतळ आहे, मग लेक थेट लोहगावला का उतरत नाही? लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे. धावपट्टी त्यांची, तीच प्रवासी विमानं वापरतात. २०२४ मध्ये प्रवाशांसाठी नवी, मोठी इमारत सुरू झाली, पण धावपट्टी तीच राहिली. ती आहे सुमारे अडीच किलोमीटरची. अमेरिकेपर्यंत न थांबता जाणाऱ्या अवजड विमानाला पूर्ण इंधन भरून उडायला त्याहून लांब धावपट्टी लागते. मुंबईची मोठी धावपट्टी साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे आपल्या माणसाला एकतर मुंबईला उतरून गाडीनं यावं लागतं, नाहीतर दिल्ली किंवा दुसऱ्या शहरात विमान बदलून पुण्याला. यातलं कुठलं लवकर पडेल, ते प्रत्येक वेळी मोजावं लागतं. मुंबई-पुणे रस्ता दीडशे किलोमीटरचाच, पण शुक्रवारची संध्याकाळ आणि भर पावसाळा असेल तर त्या दीडशेला किती तास लागतात, ते तुम्हीच सांगा.

घड्याळाचा गोंधळ राहिला. सहा महिन्यांनी लेकीच्या बाळंतपणाला मी स्वतः गेले, थंडीत, मुंबईहून थेट विमानानं. तिकिटावर लिहिलेलं, निघणार दुपारी अडीच, पोचणार संध्याकाळी साडेपाच, तारीख तीच. माझी जाऊ म्हणाली, "अगं बाई, तीनच तास!" लागले साडेसोळा तास. तिकिटावर प्रत्येक गावची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. थंडीत तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेबारा तास. येताना उलट झालं. रात्री नऊला निघाले आणि तिसऱ्या तारखेला पहाटे उतरले. मधला एक अख्खा दिवस कॅलेंडरातून गेला. तेव्हा तिकिटावरच्या दोन वेळांची वजाबाकी करू नका. एकूण प्रवासाचे तास वेगळे लिहिलेले असतात, ते शोधा, नाहीतर मुलांना विचारा.

तिकडे किती वाजलेत हे ओळखायची सोपी रीत लेकीनं शिकवली. उन्हाळ्यात, म्हणजे मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आपल्या घड्याळातून अर्धा तास कमी करा आणि दिवसाची रात्र करा. आपल्याकडे सकाळचे आठ, तर तिकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात. थंडीत आणखी एक तास कमी करा, साडेसहा. ही रीत अमेरिकेच्या त्या पश्चिम किनाऱ्यापुरती. दुबई-मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तासच मागे असतं.

मस्कतवरून आठवलं. माझ्या मैत्रिणीचा मुलगा तिथे आहे. मुंबईहून मस्कत दीड हजार किलोमीटर, विमानाचे तीन तास सुद्धा पूर्ण लागत नाहीत. आपल्याला वाटतं, हा तर शेजारी. पण कामावरून सुट्टी मंजूर व्हायला हवी, तिकिटाचे पैसे हातात हवेत. हे झाल्याशिवाय ते तीन तास सुरूच होत नाहीत. दुसरीचा मुलगा आपल्याच देशात, अरुणाचलात तवांगच्या बाजूला. त्याला गाडीनं डोंगर उतरून गुवाहाटी गाठायलाच एक दिवस आणि कधी जास्त लागतो. बर्फ पडला तर वाट बंद. म्हणजे अमेरिकेतली माझी लेक आणि देशातला तिचा मुलगा, दोघं घरी पोचायला सारखेच तास लागू शकतात. किलोमीटर ऐकून जवळ-लांब ठरवू नका, ते एवढ्यासाठी.

मी कधी कधी आनंदीबाई जोशींचा विचार करते. त्या पुण्यात जन्मलेल्या. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला उतरल्या. सुमारे दोन महिने. वय अठरा. डॉक्टर होऊन १८८६ मध्ये परत आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यातच गेल्या, बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. अमेरिकेत ज्यांच्या घरी त्या लेकीसारख्या राहिल्या, त्या कारपेंटरबाईंना शेवटचं भेटायला येणं शक्यच नव्हतं. आनंदीबाईंच्या अस्थी त्यांच्याकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावात, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. तेव्हा कुणी "किती तासात येता" असं विचारत नव्हतं. महिने लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आज वाटेला तास लागतात, त्यामुळे आपण आशा धरतो. आशा धरावीच, पण हिशेब चुकीचा असला तर तीच आशा जिवाला लागते.

माझ्या लेकीनं मला काय सांगितलं, ते ऐका. सावडण्याला ती होती. ते झाल्यावर आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो. ती म्हणाली, "तुम्ही थांबला नाहीत याचं मला वाईट वाटत नाही गं आई. पण मी सिंगापूरला चार तास बसून होते. पाच ते नऊ. फोन चालू होता. तुम्ही तेव्हा केलं असतं तर मी व्हिडिओवर बाबांना शेवटचं पाहिलं असतं. दादाला आवाज दिला असता. तुम्ही बरोब्बर मी हवेत असताना केलंत."

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून हे माझ्या मनातून जात नाही. आमच्यापैकी एकानं जरी मंगळवारी सकाळी तिच्या प्रवासाचे टप्पे कागदावर लिहिले असते, तर आम्हाला दिसलं असतं की ती बुधवारी रात्रीशिवाय येत नाही. मग दोनच वाटा होत्या. रात्रीपर्यंत थांबायचं, नाहीतर ती सिंगापूरला असताना, सकाळी सातला, तिला फोनवर घेऊन करायचं. दोन्ही चाललं असतं. आम्ही तिसरंच केलं, कारण आम्हाला वाटलं ती येतेच आहे. दोष कुणाचा नव्हता. प्रश्न अर्धाच विचारला होता.

आता कागद-पेन घ्या. लांब असलेल्या आपल्या माणसाला येत्या रविवारी फोन करा आणि पाच गोष्टी विचारून लिहा.

पहिली, निरोप मिळाल्यापासून विमानात किंवा गाडीत बसेपर्यंत किती तास? यात सुट्टी, पैसे, पासपोर्ट आला. पासपोर्टची मुदत कधी संपते तेही लिहा. परदेशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड हाताशी आहे का, विचारा. दुसरी, प्रत्यक्ष उडण्याचे तास किती? एक विमान की दोन? तिसरी, मध्ये कुठे थांबा, किती तास, आणि तिथे फोन लागतो का? काही देशांत नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, तो मार्ग टाळायचा. चौथी, शेवटचा विमानतळ कुठला, तिथून बाहेर पडायला किती वेळ? पाचवी, तिथून आपल्या दारापर्यंत किती, पावसाळ्यात किती?

पाचही आकडे मिळवा. वर सहा तास खोळंब्याचे धरा. जी बेरीज येईल ती मोठ्या अक्षरात लिहा आणि देवघराजवळ किंवा कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. वर्षातून एकदा, संक्रांतीला म्हणा, आकडे पुन्हा विचारा. विमानांची वेळापत्रकं बदलतात, रस्ते बदलतात, मुलांच्या नोकऱ्या आणि गावंही बदलतात.

आणि कागदाच्या मागच्या बाजूला एक प्रश्न. हा विचारायला जड जातं, मलाही गेलं. वाईट प्रसंग आला तर आमच्यासाठी थांबा, असं मुलांना वाटतं की थांबू नका असं? आणि आपल्याला स्वतःला काय वाटतं? मी माझं लिहून ठेवलं आहे. माझ्यासाठी कुणाला ताटकळत ठेवू नका, लेकीला फोनवर घ्या आणि उरका. लेक रडली, पण तिनं तो कागद वाचला आहे आणि मुलानंही. माझं उत्तर तुमचं असायला हवं असं नाही. कुणी म्हणेल, दोन दिवस थांबा. मग पेटी कुठे मिळते, भाडं किती, तो नंबर त्याच कागदावर लिहा. ज्या गटात हे जमेल त्यांनी बैठकीत अर्धा तास काढून एकत्र बसून लिहावं. आमच्या गटानं लिहिलं. तवांगच्या मुलाच्या आईनं पहिल्यांदाच विचारलं की तो खाली कसा उतरतो. तिला इतकी वर्षं वाटत होतं, तो तिथूनच विमानात बसतो.

हा कागद नुसता दुःखासाठी नाही. बाळंतपणाला जायचं, लग्नाला यायचं, दिवाळीला यायचं, सगळ्याला हीच बेरीज लागते. मी लेकीकडे गेले तेव्हा हडपसरच्या दारातून तिच्या दारात पोचायला मला सव्वीस तास लागले. आधी लिहिलेले होते सत्तावीस. मुंबईच्या विमानतळावर बसून वाट पाहताना मला घाबरायला झालं नाही, कारण तो वेळ माझ्या कागदावर आधीच मांडलेला होता. वयस्कर बाईनं तिकीट काढतानाच चाकाची खुर्ची मागून घ्यावी. खुर्ची घेऊन येणारा माणूस एका विमानातून दुसऱ्यापर्यंत सोबत करतो. लाजू नका.

लेकीनं दार उघडलं तेव्हा तिच्या कडेवर कुणी नव्हतं अजून. नात आठ दिवसांनी झाली. आता ती बोलायला लागली आहे. रविवारी फोनवर विचारते, "आजी, तू किती लांब आहेस?" मी तिला किलोमीटर सांगत नाही. म्हणते, "एक दिवस आणि दोन तास, बाळा. वरण-भात खाऊन झोपलीस, उठलीस, खेळलीस, परत झोपलीस की आले."

कागद लिहून झाला की बैठकीत सांगा.